१९७२ ची बुलेट ३५०: १८ हॉर्सपॉवरची २५ करायची आहे, इंजिन उघडण्याआधी सल्ला हवा

चढावरचा गडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९७२ ची बुलेट ३५० आहे. आण्णांनी १९८१ साली पहिल्या मालकाकडून घेतली, तेव्हापासून दारातच आहे. आण्णा आता ७४ वर्षांचे. स्वतः चालवत नाहीत, पण रविवारी जोतिबाला माझ्या मागं बसून येतात, आणि यायचं तर याच गाडीवर.

पूर्वी दोघं बसून डोंगराचा चढ तिसऱ्या गिअरला निघायचा. आता दुसरा टाकावा लागतो. वरच्या वळणाला आण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "थांब, हिला दम घेऊ दे." ते ऐकवत नाही.

ब्लॉक (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर) अजून स्टँडर्ड साईजला आहे, कधी बोर केलेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला नाही. सकाळी किक मारल्यावर निळा धूर येतो, मग कमी होतो. तापल्यावर खालून बारीक टकटक ऐकू येते.

माझा विचार असा: ८.५ कॉम्प्रेशनचा (मिश्रण साडेआठ पट दाबणारा) पिस्टन, २४ मिमीच्या जागी २८ मिमीचा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर. एका गॅरेजवाल्यानं २५ हॉर्सपॉवर मिळेल म्हणून सांगितलंय. ३५ हजारांपर्यंत तयारी आहे. कुणी केलंय का? कोल्हापुरात हे काम कुठल्या क्रमानं करून घ्यावं?

जाळ धूर संगटच

भावा, विचारतोस काय, कर की! मी माझ्या ३५० ला ५०० चा ब्लॉक बसवलाय. चार वर्षं झाली. गगनबावड्याला चौथ्या गिअरमध्ये जातो. नाद खुळा.

उद्यमनगरकर

धागाकर्ते, तुमच्या वयाचा होतो तेव्हापासून लेथवर उभा आहे. बुलेटची इंजिनं किती खोलली त्याचा हिशेब नाही. एक विचारतो. तुमची गाडी आत्ता १८ हॉर्सपॉवर देतेय का?

नाही देत. १८ चा आकडा नव्या इंजिनाचा, तोही ५६२५ आरपीएमला. तुमचं इंजिन आज १३-१४ देत असेल. म्हणजे पहिले चार हॉर्सपॉवर तुमचेच आहेत, ते कुठंतरी गळतायत. आधी ती गळती शोधा. टकटक येणाऱ्या इंजिनावर ८.५ चा पिस्टन घालणं म्हणजे गुडघा दुखावलेल्या पैलवानाला खुराक वाढवून खासबागेत उतरवणं.

उघडण्याआधी एवढं बघा:

इंजिन तापवून उताराला गाडी गिअरमध्ये सोडा, एक्सलेटर पूर्ण बंद. खाली आल्यावर एकदम द्या. निळा भपका आला तर व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) झिजलंय. चढाला सतत धूर निघत असेल तर रिंगा आणि बोर.

मग हेड उतरवलं की व्हॉल्व्ह न काढता ते उलटं टेबलावर ठेवा आणि खोलग्यात रॉकेल ओता. चहा पिऊन या. पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या हवा-धुराच्या वाटेत) बोट घालून बघा. बोट ओलं झालं तर तुमची पॉवर तिथनं जातीय.

कावळा नाका

सकाळी किक मारल्यावरच धूर आणि नंतर कमी, हे वेट संपिंगसुद्धा असू शकतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑईल पंपातनं हळूहळू क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) उतरतं. चालू केल्यावर परत टाकीत जातं आणि धूर थांबतो. आमच्या गाडीला या धुराच्या भीतीनं नव्या रिंगा घातल्या, धूर तसाच राहिला. पंप बदलल्यावर थांबला.

उद्यमनगरकर

बरोबर आहे. म्हणून तर तापलेल्या इंजिनावर बघा म्हटलं. गार इंजिनाचा धूर फसवतो.

तेजू राजारामपुरी

मी मेकॅनिकल शिकवते आणि घरची येझदी स्वतः बांधते. धागाकर्त्यांचे आकडे जरा मांडून बघू या.

बुलेट ३५० चा बोर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ९० मिमी, म्हणून ३४६ सीसी. हेडमध्ये साधारण ५५ सीसी जागा असेल तर कॉम्प्रेशन ७.२५ च्या आसपास येतं. ते ८.५ करायचं तर ती जागा ४६ सीसीवर आणावी लागेल, म्हणजे ९ सीसी कमी. आता यातून मिळतं किती? कार्यक्षमतेच्या पाठ्यपुस्तकी सूत्रानं ७.२५ वरून ८.५ ला गेलं की वाढ साधारण ५ टक्के. १८ चे १९ सुद्धा होत नाहीत.

मग २५ येणार कुठून? फेरे वाढवून. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. इथेच हे इंजिन अडतं. ९० मिमीचा लांब स्ट्रोक आहे. ५६२५ फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास १७ मीटर होतो. ६५०० ला नेलं तर साडेएकोणीस. आणि पिस्टन दर फेऱ्याला दोनदा थांबून उलटा फिरतो, त्या झटक्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. फेरे १५-१६ टक्के वाढले की कनेक्टिंग रॉडवरचा ताण ३३ टक्के वाढतो. या रॉडच्या खाली रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे. ते फक्त ऑईलच्या पातळ थरावर तरंगतं.

आणखी एक. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. हवा ५ टक्क्यांनी विरळ. म्हणजे इथल्या कुठल्याही १८ च्या बुलेटला मुळातच १७ मिळतात. जोतिबावर त्याहून कमी.

जाळ धूर संगटच

तेजूताई, हिशेब मान्य. पण म्हणूनच मी फेरे न वाढवता सीसी वाढवले. ५०० चा बोर ८४ मिमी, स्ट्रोक तोच ९०. टॉर्क खालीच मिळतो, इंजिन ओरडत नाही. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्लींनी तर ८७ मिमी बोर करून बुलेट ५३५ सीसीची केली. जुन्या बुलेटमध्ये वाव नाही हे मला पटत नाही.

पासिंगवाला

जाळ धूर भावा, तुझी गाडी भारी आहे, मी कळंब्याजवळ पाहिलीय. पण धागाकर्त्यांना पूर्ण चित्र दे. ५०० चा ब्लॉक ३५० च्या क्रँककेसवर तसाच बसत नाही, केसचं तोंड मशिनवर मोठं करावं लागतं. एकदा कापलं की परत ३५० होत नाही.

आणि कायद्याचं बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. ३४६ सीसी लिहिलेल्या गाडीत ४९९ सीसी, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच धरतात.

गाडी १९७२ ची आहे म्हणून अजून एक. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार. तुमची गाडी यात बसते. इंजिन कापलं की तो रस्ता बंद.

चढावरचा गडी

हे माहीतच नव्हतं. व्हिंटेज केली तर जोतिबाला नेता येईल का?

पासिंगवाला

तिथंच मेख आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची असते. दर रविवारी देवाला जायला नाही. तुमच्या घरात गाडी चालते आहे, तेव्हा मी असतो तर साधं पासिंगच चालू ठेवलं असतं. पण पुढं कुणाला करायची झाली तर इंजिन मूळ असलेलं बरं.

किणी टोलचा साक्षीदार

माझा अनुभव सांगतो, कारण धागाकर्ते नेमकं तेच करायला निघालेत.

२०१६ ला मी वडिलांच्या कास्ट आयर्न बुलेटला जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन घातला. हेड थोडं खरवडलं, मोठा कार्ब्युरेटर लावला. पहिले चारशे किलोमीटर स्वर्ग होता. मग पुण्याला निघालो आणि किणी टोल नाक्याच्या अलीकडं खालून ठोका सुरू झाला. आधी वाटलं चेन. दोन मिनिटांत इंजिन जाम, मागचं चाक घसरलं. मागं एसटी होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून आज लिहितोय.

खोलल्यावर बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) बुश निळं पडलेलं. कारण काय निघालं? टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला ऑईल जातं तिथं एक कॉर्कचं सील असतं. करंगळीच्या टोकाएवढं. ते वाळून चिरलं होतं. पंप ऑईल देत होता, पण ते क्रँकमध्ये न जाता बाजूनंच परत सांडत होतं. वरचं सगळं नवं आणि खालचं चाळीस वर्षांचं. वडापावच्या किमतीचं सील बदललं असतं तर क्रँक वाचला असता. ज्या गॅरेजमध्ये काम केलं तिथं टायमिंग कव्हर उघडलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

धागाकर्ते, तुमच्या मागं आण्णा बसतात. टकटक येतीय त्या इंजिनावर एक रविवारसुद्धा आता जाऊ नका.

उद्यमनगरकर

ह्यांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. कॉर्क सील प्रत्येक वेळी नवं. बसवताना तेलात भिजवून बसवायचं.

चढावरचा गडी

वाचून अंगावर काटा आला. गाडी आजपासून बंद. आण्णांना सांगितलं, ते म्हणाले खोल.

शिरोलीची भट्टी

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, ग्रे आयर्न ओततो. ब्लॉकबद्दल थोडं बोलतो.

बरेच जण जुना कास्ट आयर्न ब्लॉक टाकून नवा घेतात. नका टाकू. पन्नास वर्षं तापून गार झालेल्या कास्टिंगमधला आतला ताण कधीच निघून गेलेला असतो. बोर केल्यावर ते वाकडं व्हायची शक्यता नव्या कास्टिंगपेक्षा कमी. शिवाय ग्रे आयर्नमध्ये ग्राफाईटच्या पाकळ्या असतात, त्या स्वतःच थोडं वंगण देतात.

ब्लॉक मोजताना एका जागी मोजू नका. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक जागी आडवं-उभं. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग थांबते तिथं असते, आणि लंबगोल असते. बोटाचं नख वरून खाली सरकवा, कड लागली की समजा. मग २० साईजला जा, म्हणजे बोर २० थाऊ (इंचाचे वीस हजारांश) मोठं, थेट ४० नको. ४० थाऊ केलं तरी सीसी ३४६ चे ३५६ होतात, दहाचा फरक. तेवढ्यासाठी ब्लॉकचं आयुष्य खाऊ नका. आणि पिस्टन आधी आणा, मग बोर करा. पिस्टन हातात घेऊन मोजून त्याला ब्लॉक बसवायचा असतो.

गडहिंग्लज टू पुणे

पेट्रोलचं कुणी बोललं नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, त्यातलं कितीतरी आपल्याच भागातल्या उसाचं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिश्रण पातळ पडतं. जुन्या जेटवर जुनी बुलेट तापते आणि ओढत नाही, अर्धी तक्रार तिथंच असते. टाकीच्या कॉकचे आणि फ्लोटचे रबर वॉशरही फुगतात. ते बदला.

कावळा नाका

आमच्या ऊसवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आणि बुलेटवाल्यांना जेट बदलावा लागतो! माझ्या मेव्हण्याची दोन एकर आडसाली आहे, त्याला सांगितलं की तुझाच ऊस माझ्या टाकीत येतोय. तो म्हणाला मग पैसे दे.

जाळ धूर संगटच

सायलेन्सरवर माझं मत बदललंय, ते प्रामाणिकपणे लिहितो. मी सुरुवातीला आतली जाळी काढून पूर्ण मोकळा केला होता. आवाज वाढला, खालची ओढ गेली. परत मूळ लांब सायलेन्सर घातला आणि तिसऱ्या गिअरमधला दम परत आला. शहरात कर्कश सायलेन्सरवर कारवाई होते ते वेगळंच, पण चढासाठी मोकळा सायलेन्सर उपयोगाचा नाही. ५०० च्या ब्लॉकचं मात्र मी मागं घेत नाही. ज्याला क्रँक, पंप सगळं नव्यानं करायचंय आणि कागद नीट करायचेत त्यानं जरूर विचार करावा.

तेजू राजारामपुरी

जाळ धूर, हे लिहिलंत ते बरं केलंत. मोठ्या कार्ब्युरेटरचंही तसंच. २८ चं तोंड मोठं, म्हणून कमी फेऱ्यांना हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट फुटत नाही. फायदा फक्त वरच्या फेऱ्यांना. तुम्ही जोतिबाला चढताना वरच्या फेऱ्यांना नसता.

धागाकर्ते, काम करण्याआधी आणि नंतर फरक मोजायचा असेल तर सोपा मार्ग सांगते. चढाचा एक ठरावीक तुकडा घ्या, दोन खुणा ठरवा, नकाशावरून दोन्हीकडची उंची काढा. तेच दोघं बसून, टाकीत तेवढंच पेट्रोल, वेळ लावा. वजन गुणिले ९.८ गुणिले चढलेली उंची भागिले सेकंद म्हणजे वॅट. ७४६ नं भागलं की हॉर्सपॉवर. यात वारा आणि टायरचा विरोध धरलेला नाही, म्हणून हा आकडा इंजिनाचा पूर्ण आकडा नव्हे, पण आधी-नंतरची तुलना खरी होते.

चढावरचा गडी

ताई, मागच्या महिन्यात मित्रानं मागून मोबाईलवर चित्रण केलं होतं, त्यात वेळ आहे! त्याच दोन खुणा धरतो.

पेठेतला पोरगा

एवढं वाचून भूक लागली. गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला कोण येतंय? बुलेट घेऊन या.

(नऊ आठवड्यांनंतर)

चढावरचा गडी

मंडळी, उशीर झाला. उद्यमनगरात काम केलं, जवळपास रोज संध्याकाळी शेजारी उभा होतो. काय निघालं ते लिहितो.

हेड उलटं करून रॉकेल ओतलं. चहाची गरजच पडली नाही. एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये दोन मिनिटांत थेंब लोंबायला लागला आणि मिस्त्री काही न बोलता माझ्याकडं बघत राहिले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं गाईड इतकं सैल की व्हॉल्व्ह बोटानं हलत होता. दोन्ही गाईड नवे, सीट कापल्या, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासले. परत रॉकेल ओतलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पोर्ट कोरडे.

ब्लॉक वरच्या बाजूला साडेपाच थाऊ घासलेला. शिरोलीकरांचं ऐकून २० साईज केला, पिस्टन आधी नेऊन दिला. कॉम्प्रेशन मूळचंच ठेवलं.

टायमिंग कव्हर उघडलं. कॉर्क सील हातात घेतलं तर बिस्किटासारखं तुटलं. किणीवाले दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ते उघडायला सांगितलंच नसतं. बिग एंडचं बुश सैल होतं, रॉडसकट नवं घातलं, क्रँक लेथवर धरून डायल लावून सरळ केला. ऑईल पंपाचे दोन्ही प्लंजर बदलले.

पॉइंटची गॅप १५ थाऊ, ठिणगीचं टायमिंग पिस्टन टॉपला पोचण्याच्या ०.८ मिमी आधी. आमच्या गाडीचं टायमिंग आधी कुणीतरी बरंच पुढं नेऊन ठेवलेलं होतं. कार्ब्युरेटर २४ चाच, स्लाईड मात्र घासून आतल्या आत खुळखुळत होती म्हणून नवा घेतला. एकूण खर्च ३१ हजार.

८०० किलोमीटर हळू चालवली. गेल्या रविवारी वेळ लावली. गाडी आणि आम्ही दोघं मिळून ३०५ किलो, खुणांमधला चढ ९० मीटर. आधी १०५ सेकंद लागले होते, आता ८०. ताईंच्या सूत्रानं नुसतं वजन उचलायचे साडेतीन हॉर्सपॉवर होते ते साडेचार झाले. तिसऱ्या गिअरला पूर्ण चढ निघाला.

तेजू राजारामपुरी

वजन तेच, उंची तीच, म्हणजे ३० टक्के फरक, आणि एकही सीसी मुद्दाम न वाढवता! फार आनंद झाला. प्लगचा रंग बघितलात का?

चढावरचा गडी

बघितला. चढून वर गेल्या गेल्या इंजिन बंद करून काढला, पांढरट आहे.

उद्यमनगरकर

पांढरट म्हणजे मिश्रण पातळ. मेन जेट एक साईज मोठा घाला, नव्या पेट्रोलला लागतोच. प्लग फिक्या चॉकलेटी रंगावर आला की थांबा. ५०० किलोमीटरला ऑईल बदललंय ना? नसेल तर आज बदला, नव्या रिंगांचा चुरा त्यात असतो.

किणी टोलचा साक्षीदार

आण्णा काय म्हणाले?

चढावरचा गडी

वरच्या वळणाला पाठीवर थाप पडलीच नाही. मी मुद्दाम वाट बघत होतो. वर पोचून गुलाल लावून आलो तर आण्णा गाडीशेजारी उकिडवे बसलेले. खालच्या फरशीवर बोट फिरवून मला दाखवलं आणि म्हणाले, "डाव्या अंगाला ऑईल ठिबकतंय बघ." खरंच थेंब होता, प्रायमरी कव्हरच्या खाली. परत स्क्रू आवळायला गेलो तर कव्हरला एकच नट.

उद्यमनगरकर

त्या कव्हरला एकच नट असतो मधोमध. जास्त आवळू नका, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. आतलं रबर सील नवं घाला, कड पुसून कोरडी करा, हातानं बेताचं आवळा. रविवारी जाताना दुकानावरून जावा, सील काढून ठेवतो. आण्णांनाही आणा.